दप्तर, टंकयंत्र आणि मांडीवरचा संगणक

खेडेगावातील माणसाला पूर्वी सरकार दिसे ते एका रुमालाच्या रूपाने. जाड्याभरड्या कापडात बांधलेले कागद, कलमदानात दोन-तीन बोरू, शाईची दौत आणि त्या सर्वांपुढे मांडी घालून बसलेले कुलकर्णी. एवढ्या सामग्रीवर गावाचा वसूल होई, वाटण्या होत, वारसांची नावे लागत. नगर जिल्ह्याच्या बाबतीत तर या कागदांची वंशावळ फार जुनी आहे. ज्या निजामशाहीची ही राजधानी, तिचा कर्ता पुरुष मलिक अंबर इ. स. १६२६ मध्ये वारला; परंतु जमिनीची प्रत पाहून त्याने बसविलेला ‘मलिकंबरी धारा’ त्याच्यामागे पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या तोंडी राहिला. पुढे मराठ्यांचा अंमल आला, इंग्रजांचा आला. इंग्रजांनी साखळ्या लावून शेते मोजली व त्यांना क्रमांक दिले. राज्ये बदलली तरी रुमाल मात्र तोच राहिला. १९५१ साली कुलकर्णी वतने कायद्याने संपुष्टात आली आणि गावकागद तलाठ्याच्या हाती गेले. एक ते एकवीस असे गावनमुने ठरले. त्यांपैकी सातवा आणि बारावा एकत्र करून जो उतारा होतो, तो ‘सातबारा’ या नावाने शेतकऱ्याच्या घरातील देव्हाऱ्याइतकाच जपला जातो.

रुमालाकडे निव्वळ एक साधन म्हणून पाहिले तर त्याचे गुण थोडेथोडके नव्हते. तो खांद्यावर टाकून या गावाहून त्या गावी नेता येई. त्याला किंमत अशी फारशी नव्हती. बोरू बोथटला तर चाकूने तासून पुन्हा धार आणता येई. त्यासाठी कोणाला तालुक्याला धाडावे लागत नसे. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, लिहिणाऱ्याला जी लिपी येई ती तो कागद मुकाट्याने पत्करी. मोडी असो वा बाळबोध असो. दोष एकच होता, पण तो जबर होता. कागदाची प्रत एकच, आणि ती ज्याच्या घरात तो गावाचा धनी.

आज नगर, संगमनेर किंवा श्रीरामपूरच्या बाजारपेठेत लॅपटॉप घ्यावयास निघालेला मनुष्य दुकानदाराला जे प्रश्न विचारतो, तेच प्रश्न त्या रुमालालाही विचारता आले असते. वाहून नेता येतो काय? बिघडला तर दुरुस्त कोठे होतो? मराठी लिहिता येते काय? किती वर्षे टिकेल? आणि सर्वांच्या शेवटी, किंमत काय? इतिहासाचा अनुभव असा की, ज्यांनी हा क्रम उलटा धरला, म्हणजे किंमत आधी पाहिली व बाकीचे मागाहून, त्यांचे पैसे बहुधा पाण्यात गेले. ही हकीकत त्या अनुभवाची आहे.

अक्षरांच्या यंत्रांशी नगरचा परिचय जुना. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ च्या सुमारास येथे ठाणे मांडले, आणि १८४२ साली याच शहरी ‘ज्ञानोदय’ हे पत्र सुरू झाले. परंतु छापखान्याचे यंत्र पत्रकर्त्यांचे. ते सामान्य कारकुनाच्या मेजावर येण्याजोगे नव्हे. मेजावर आले ते टंकयंत्र. अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने ते १८७४ साली विक्रीस काढले आणि पुढील दोन-तीन पिढ्यांत जगातील कचेऱ्यांचा कारभार त्याने व्यापून टाकला. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांना ते यंत्र चपखल बसले. देवनागरीची गोष्ट निराळी. छापखान्यात जोडाक्षरांसह कित्येक शेकडे खिळे लागत; ती संख्या खाली आणण्यासाठी खुद्द लोकमान्य टिळकांनीही विसाव्या शतकाच्या आरंभी खटाटोप केला होता. टंकयंत्राच्या कळा मात्र पंचेचाळीसच्या आगेमागे, आणि एका कळीवर दोन चिन्हे. तेव्हा अर्धी अक्षरे आणि काना यांची जोडणी करून पूर्ण अक्षर उभारावे, मात्रा-वेलांट्यांच्या कळा अशा कराव्या की त्या उमटल्या तरी गाडा पुढे सरकू नये, अशा युक्त्या योजून मराठी यंत्र तयार झाले. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून ती आधी ठोकावयाची, असा त्याचा शिरस्ता. ही बारीक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण पुढे हजारो टंकलेखकांचा जीव तिनेच मेटाकुटीस आणला.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. त्यानंतर शासनाच्या कचेऱ्यांत मराठी टंकयंत्राला मागणी वाढली, आणि तालुक्या-तालुक्यांत टंकलेखनाच्या खाजगी संस्था निघाल्या. मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस शब्द अशा परीक्षा देऊन शेतकऱ्यांच्या मुलांनी नोकऱ्या मिळविल्या. यंत्रही देशी होते. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकयंत्र तयार केले होते व ते काम २००९ पर्यंत चालले. न्यायालयाच्या आवारात झाडाखाली असे एक यंत्र घेऊन बसलेला टंकलेखक वीस-वीस वर्षे त्याच यंत्रावर संसार चालवी. फीत बदलावी, तेल घालावे, एखादी दांडी वाकली तर सरळ करावी, एवढ्यावर भागे. त्याला वीज लागत नसे हे तर त्याचे मोठेच भाग्य.

किफायत म्हणजे स्वस्ताई नव्हे, हा धडा नगरला निराळ्या क्षेत्रातही मिळालेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी डी. सी. चर्चिल नावाचे एक यंत्रज्ञ मिशनच्या कामासाठी अमेरिकेतून नगरला आले. येथील विणकरांची दैना त्यांनी पाहिली. गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकत नव्हता, आणि गिरणीचे यंत्र विणकराच्या झोपडीत मावणारे नव्हते. मावले असते तरी ते चालविण्यास शक्ती कोठून आणावयाची? तेव्हा चर्चिल यांनी माणसाच्या हातापायांनीच चालणारा, परंतु जुन्या मागापेक्षा पुष्कळ वेगाने विणणारा हातमाग रचला. प्रश्न त्यांनी नेमका धरला होता: यंत्र उत्तम कोणते, हा नव्हे, तर या माणसाच्या घरात, या माणसाच्या मिळकतीत उत्तम कोणते. पुढे ते मायदेशी परतले आणि १९२२ साली केंटकी संस्थानातील बेरिया येथे त्यांनी व त्यांच्या पत्नीने विणकामाचा मोठा कारखाना काढला. नगरला मिळालेल्या अनुभवाचे पीक असे परदेशी आले. त्याच नगरच्या औद्योगिक वसाहतीतून १९७२ नंतर ‘लुना’ बाहेर पडली. ती ऐटदार नव्हती, वेगवान तर नव्हतीच. परंतु शिक्षकाला, दूधवाल्याला, पोस्टमनला परवडणारी, आणि बंद पडली तर पायडल मारून घरी नेता येणारी होती. तिच्याकडे पाहून हसणारेही तिच्यावरच बसून बाजारात जात.

संगणकाचा अवतार मात्र प्रथम अगदी उलट्या वृत्तीचा होता. तो गार खोलीत राहणारा, विजेचा भुकेला आणि इंग्रजीखेरीज दुसरी भाषा न समजणारा. ‘वाहून नेता येणारा’ म्हणून जो पहिला संगणक बाजारात चालला, तो १९८१ सालचा ऑस्बोर्न. त्याचे वजन सुमारे अकरा किलो, पडदा तळहाताएवढा, किंमत १७९५ डॉलर, आणि त्यात बॅटरी नव्हतीच. शिलाईयंत्राच्या पेटीसारखी ती पेटी उचलून नेली तरी पुढे भिंतीतील विजेची खुंटी शोधावीच लागे. वर्षभरात ग्रिड कंपनीने घडी घालता येईल असा पहिला संगणक काढला. आजच्या लॅपटॉपची ठेवण त्याच्यापासून आली. परंतु त्याची किंमत आठ हजार डॉलरांहून अधिक होती, आणि गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकेचे सैन्य व अवकाशसंस्था. संगमनेरच्या वकिलाने त्याची स्वप्ने पाहण्याचेही कारण नव्हते.

मराठीचे काय? या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी पुण्याने दिले. १९८८ साली तेथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. महासंगणक बांधणे हे तिचे गाजलेले काम. पण सामान्य माणसाच्या दृष्टीने तिचे अधिक उपकाराचे काम म्हणजे ‘जिस्ट’. कानपूरच्या आयआयटीत आरंभलेली ही विद्या एका कार्डाच्या रूपाने साध्या संगणकात बसवावयाची, की तो संगणक देवनागरी लिहू लागे. त्याच काळात भारतीय लिपींसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ हा समान कळफलक प्रमाण ठरला. त्यात तर्क होता. उच्चार ज्या क्रमाने, कळ त्याच क्रमाने. ‘कि’ लिहावयाचा तर आधी क आणि मग वेलांटी. शिवाय एका भारतीय लिपीत बोटे बसली की दुसऱ्या लिपीतही तीच बोटे चालत. पण टंकलेखन संस्थांतून तयार झालेल्या पिढीची बोटे वेलांटी आधी ठोकणारी! तिला हा शहाणपणा उलटाच वाटला, आणि ती जुन्याच कळफलकाला चिकटून राहिली.

यातून नव्वदीच्या दशकात एक विचित्र अनवस्था उभी राहिली. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा नाना प्रणाल्या निघाल्या. प्रत्येकीची अक्षरसंकेतांची मांडणी वेगळी. नगरच्या छापखान्यात लिहिलेले निमंत्रण पुण्याच्या संगणकावर उघडले, तर पडद्यावर मराठीऐवजी परकीय चिन्हांची रांगोळी दिसे. म्हणजे संगणक विकत घेतला तरी त्यावरील लेखन त्या एका प्रणालीचे ओलीस. किमतीच्या पावतीवर हा खर्च कोठेही लिहिलेला नसे. १९९१ पासून जगातील सर्व लिपींना एकच क्रमांकपद्धती देणारे युनिकोड आकारास येत होते, आणि २००० सालानंतर ते साध्या संगणकांतही अंतर्भूत झाले. विंडोजमधील ‘मंगल’ हा टंक प्राध्यापक र. कृ. जोशी यांच्या हातचा. मराठी सुलेखनकाराचे ते अक्षर आज देशभरातील कचेऱ्यांतून वावरते, वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना कर्त्याचे नाव ठाऊक असते. युनिकोडमुळे मराठी लेखनासाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज संपली. आज कोणत्याही लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट फुकट मिळते. कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली नसली तरी अडत नाही. दुकानात ‘मराठीसाठी’ म्हणून कोणी वेगळी रक्कम सांगू लागला, तर त्याला नमस्कार करून बाहेर पडावे.

मग राहिला प्रश्न किमतीचा. आणि येथे गेल्या पंचवीस वर्षांत मोठमोठ्या माणसांनी मोठमोठ्या ठेचा खाल्ल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी २००१ साली ‘सिम्प्यूटर’ पुढे आणला. गरिबाने यंत्र विकत घेऊच नये, गावात एक असावे आणि प्रत्येकाने आपले स्मार्ट कार्ड त्यात घालून वापरावे, ही कल्पना खरोखर सुरेख होती. यंत्र बाजारात यावयास २००४ उजाडले. किंमत दहा हजारांच्या आसपास गेली. तोवर मोबाइल फोन स्वस्त झाले होते. अपेक्षेच्या मानाने फारच थोडे सिम्प्यूटर विकले गेले.

त्यानंतर अमेरिकेतील निकोलस नेग्रोपोंटी यांनी शंभर डॉलरांत लॅपटॉप देण्याची घोषणा २००५ साली केली. हिंदुस्थान सरकारच्या शिक्षण खात्याने ती योजना २००६ मध्ये नाकारली. तरीसुद्धा या यंत्राचा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला, आणि तो घाटाखाली, रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात. नगर जिल्ह्यातही एक कर्जत आहे, म्हणून हे स्पष्ट करणे भाग आहे. खैराट-धनगरवाडा या वस्तीच्या एकशिक्षकी शाळेतील वीसेक मुलांच्या हाती २००७ साली ते हिरवे-पांढरे यंत्र पडले. यंत्राची रचना वाखाणण्यासारखी होती: उन्हात वाचता येणारा पडदा, धूळ-पाणी आत न शिरणारा कळफलक, वजन दीड किलोच्या आत. मुलांनी चित्रे काढली, छायाचित्रे घेतली, घरी नेऊन आईबापांना दाखविली. पण शंभर डॉलरांचे यंत्र प्रत्यक्षात सुमारे १८८ डॉलरांना पडू लागले, आणि प्रयोगाचे रूपांतर राज्यव्यापी योजनेत झाले नाही. एका वस्तीवर शिक्षक आणि मार्गदर्शक जवळ असताना जे साधते, ते हजारो वस्त्यांवर साधावयाचे तर यंत्रापेक्षा यंत्रामागील माणसांचा खर्च मोठा होतो; हा हिशेब त्या शंभर डॉलरांत धरलेलाच नव्हता.

तिसरी ठेच सरकारी. ऑक्टोबर २०११ मध्ये ‘आकाश’ ही पाटी मोठ्या समारंभाने प्रकट झाली. सरकारला ती सुमारे सव्वादोन हजार रुपयांस पडली. पडदा इतका मठ्ठ की बोटाने दाबून दाबून आज्ञा द्यावी लागे; बॅटरी दोन-तीन तासांत संपे. पुढील वर्षी आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली सुधारलेली आवृत्ती निघाली, ती पुष्कळच बरी होती. परंतु पहिल्या आवृत्तीने गेलेली पत परत आली नाही. २०२३ साली जिओने १६,४९९ रुपयांत एक लॅपटॉप काढला. एक किलोहून हलका, आत सिमकार्डाची सोय. विद्यार्थ्याने वाचावे, पाहावे, टिपणे काढावी यासाठी तो वाईट नव्हे. तथापि त्याची स्मृती चार जीबी, साठवण चौसष्ट जीबी, आणि चालक प्रणाली कंपनीची स्वतःची. शेवटचा मुद्दा किरकोळ दिसतो, पण नोकरीधंद्याच्या माणसाचे घोडे बहुधा तेथेच अडते. ते कसे, हे समजण्यासाठी पुन्हा तलाठ्याच्या दप्तराकडे वळले पाहिजे.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात महाराष्ट्रात ‘ई-फेरफार’ सुरू झाला. हाताने लिहिलेला सहाव्या नमुन्यातील फेरफार संगणकावर आला, आणि रुमालाची जागा लॅपटॉपने घेतली. नगर जिल्ह्याचा विस्तार सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. महाराष्ट्रात हा सर्वांत मोठा जिल्हा, तालुके चौदा. अकोल्याच्या डोंगरांतील सजा आणि जामखेडच्या माळावरील सजा यांत राहणी, पाऊस, रस्ते, सर्वच निराळे. तलाठ्याजवळ दोन-तीन गावे असली की यंत्र पाठीवर टाकून फिरणे आलेच. लॅपटॉप व प्रिंटर मिळावेत, अशी तलाठी संघटनांची मागणी त्या वर्षांत वारंवार गाजली. कित्येकांनी आरंभी पदरचे पैसे घालून यंत्रे घेतली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना मिळू लागला. ही स्वाक्षरी एका बोटाएवढ्या यूएसबी चावीत असते. ती चावी यंत्राच्या खाचेत बसली पाहिजे, आणि तिची प्रणाली त्या यंत्रावर चालली पाहिजे; ती बहुधा विंडोजसाठी बनविलेली. निविदा भरणारा ठेकेदार, विवरणपत्रे भरणारा कर सल्लागार, दाखले देणारा सेवा केंद्राचा चालक, या सर्वांची हीच स्थिती. सेवा केंद्रात तर अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्रही जोडावे लागते. दहा हजार रुपये वाचवून घेतलेल्या यंत्राने ही चावी ओळखलीच नाही, तर दाराशी उभा असलेला शेतकरी परत जातो. त्याचा एक दिवसाचा रोजगार आणि एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे, हा त्या काटकसरीचा खर्च. फक्त तो भरतो दुसराच.

म्हणून यंत्र निवडण्याची रीत नगर तालुक्यातील हिवरे बाजारकडून शिकण्यासारखी आहे. त्या गावात पावसाळा संपला की विहिरींतील पाणी मोजतात, वर्षाचा ताळेबंद मांडतात, आणि मग कोणते पीक घ्यावयाचे ते ठरवितात. उसासारख्या तहानलेल्या पिकाला तेथे मज्जाव. पिकाची हौस आधी आणि पाणी मागाहून, असा उलटा व्यवहार तेथे नाही. लॅपटॉप घेणाऱ्यानेही कागदावर लिहून काढावे की दिवसाकाठी यंत्राने काय काय करावयाचे: पत्रे, हिशेब, शासनाची संकेतस्थळे, दूरचित्राच्या सभा, मुलांचा अभ्यास. या यादीत चित्रफितींचे संपादन किंवा भारी खेळ नसतील, तर महागडे प्रोसेसर घेणे म्हणजे कोरडवाहू शेतात ऊस लावणे होय. साध्या मधल्या प्रतीचा, अलीकडच्या दोन-तीन वर्षांतील प्रोसेसर पुष्कळ झाला.

ज्यावर मात्र हात आखडू नये अशी वस्तू म्हणजे रॅम, यंत्राची तात्पुरती स्मृती. फडताळातून काढलेले रुमाल ज्या चौरंगावर उलगडावयाचे, तो चौरंग म्हणजे रॅम. चौरंग अपुरा पडला की प्रत्येक कागदासाठी पुन्हा फडताळाकडे उठावे लागते, आणि यंत्र ‘अडकते’. आठ जीबीच्या खाली जाऊ नये. सोळा असेल तर पाच-सहा वर्षे निर्धास्त. काही पातळ, देखण्या लॅपटॉपांत ही स्मृती पाटीवर कायमची डकवलेली असते, पुढे वाढविता येत नाही. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही; विचारावे लागते. फडताळ म्हणजे साठवण. पूर्वी ती फिरत्या तबकडीची असे. शेवगाव-पाथर्डीच्या रस्त्यांवर मोटारसायकलीच्या हिसक्यांनी अशा तबकड्या खराब होण्याचे भय फार. आता एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने ते भय गेले आणि वेगही अनेक पटींनी वाढला. जुन्या, रखडणाऱ्या यंत्रात केवळ ही एक वस्तू बदलली, तरी ते तरुण होते.

विजेच्या बाबतीत लॅपटॉप या जिल्ह्याला जो मानवला, त्याला कारण भारनियमन. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसे. मेजावरचा संगणक घेतला तर त्याच्याबरोबर बॅटरीचा ठोकळा घ्यावा लागे, आणि तोही अर्ध्या तासात मान टाकी. लॅपटॉपच्या पोटातच बॅटरी, आणि वीज खाणे मेजावरच्या संगणकाच्या मानाने कितीतरी कमी. परंतु लिथियमची ही बॅटरी अमर नव्हे. सुमारे तीनशे ते पाचशे वेळा भरली-रिकामी केली की तिची धारणशक्ती स्पष्ट घटते. यास्तव बॅटरी सहज बदलता येते काय, व त्या जातीची बॅटरी नगरला किंवा पुण्याला मिळते काय, ही चौकशी खरेदीच्या दिवशीच करावी. ज्या कंपनीचे दुरुस्ती केंद्र जिल्ह्यात नाही, तिचे यंत्र दोन हजारांनी स्वस्त असले तरी ते महागच समजावे.

हे सर्व निकष लावून पाहिले, म्हणजे गावोगावी जे यंत्र प्रत्यक्षात कामास आले, ते नवेकोरे स्वस्त यंत्र नव्हे, तर जुने भारी यंत्र होते, याचा उलगडा होतो. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी घेतलेले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा काढून टाकतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलीटबुक अशा नावांची ही यंत्रे कचेरीतील राबणुकीसाठीच घडविलेली. कळफलक दणकट, झाकण उघडून स्मृती, साठवण, बॅटरी बदलता येणारी. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथून ती लहान शहरांच्या दुकानांत पोहोचतात आणि नव्या किमतीच्या अंशमात्र दराने विकली जातात. टंकयंत्राचा जो गुण, तोच यांचा. मात्र यातही एक नवा खळगा पडला आहे. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अकरावी आवृत्ती इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही. शासकीय कामाची चावी, बँकेचा व्यवहार असे सारे ज्यावर करावयाचे, त्याची प्रणाली असुरक्षित राहून कसे चालेल? तेव्हा जुने यंत्र घेताना त्याच्या रंगरूपाआधी त्याची पिढी विचारावी. ज्याला चावीची गरज नाही, केवळ लेखन-वाचन करावयाचे आहे, त्याने अशाच जुन्या यंत्रावर लिनक्स घालून आणखी पाच वर्षे काढण्यास मात्र काही प्रत्यवाय नाही.

पडद्याविषयी बोलणे सर्वांत शेवटी येते, कारण गिऱ्हाईक त्याकडे सर्वांत कमी लक्ष देते. चौदा इंचांचा, पूर्ण एचडी स्पष्टतेचा पडदा ही हौस नव्हे. राज्यात जुन्या भूमी-अभिलेखांचे स्कॅनिंग झाले आहे. रुमालांत बांधलेले फेरफार, कडईपत्रके, क वर्गाची जुनी पत्रके आता चित्ररूपाने पडद्यावर उघडतात. आडवे मोठे कागद, पुसट शाई, दाटीने भरलेले रकाने. कमी स्पष्टतेच्या पडद्यावर अक्षर मोठे करावे तर रकान्याचे शीर्षक दृष्टीआड होते, आणि लहान ठेवावे तर तीन आणि आठ यांत फरक कळत नाही. गट क्रमांकातील तीनाचे आठ झाले की भाऊबंदकीचा खटला उभा राहण्यास तेवढे पुरते. त्यांपैकी कित्येक कागद मोडीतील आहेत. तेथे मात्र सोळा जीबी स्मृतीचाही उपयोग नसतो. मोडी वाचणारा मनुष्य शोधून त्याला त्या पडद्यापुढे बसवावे लागते.